एका दिव्याचा भाव

६ जानेवारी १९३८, सेलू

मुंबईच्या अडत्याने यंदाही दोन रोजनिशा पाठवल्या. जाड पुठ्ठ्याच्या, पानापानावर इंग्रजी तारखा छापलेल्या. एक यांनी दुकानातल्या गादीवर ठेवली. दुसरीच्या पानांत जिऱ्या-मिऱ्याच्या पुड्या बांधायच्या म्हणून ती फळीवर टाकली होती, ती मी आत आणली. वडिलांनी आम्हा तिघी बहिणींना मठातल्या शाळेत अक्षरं शिकवली, ती पुड्यांवरची वाचायला नव्हे.

आणि लिहायला कारणही घडलं. काल मानवतचे दोन व्यापारी जेवायला होते, आपलेच, लिंगायत. बैठकीत विजेचा दिवा आला तेव्हापासून पंगत माजघरातून उठून बैठकीत गेली आहे. मी वाढून आत वळते तोच एकाने आमटीची वाटी दिव्याकडे धरली. आत पाखरू. चांगलं पंखांचं, मेलेलं.

हे सगळ्यांदेखत म्हणाले, "डोळे फुटले का तुझे?"

मी म्हणाले, "फुटले न्हाईत. उजेड बैठकीत हाय, आमटी चुलीवर होती."

पाहुणे ताटाकडे बघत बसले. मला माझीच भीती वाटली, पण बोलून गेले ते गेले. आत चूल, भिंतीला एक राकेलची चिमणी, आणि तिच्या उजेडात मीठ कुठलं नि पाखरू कुठलं ते ओळखायचं. दिसतं ते सारं बाहेर, त्या पंचवीस मेणबत्त्यांएवढ्या उजेडाच्या बल्बखाली. म्हणजे करायचं अंधारात आणि खोड काढायची उजेडात.

पाहुणे गेल्यावर हे नरमले. यांचं नाव बसवंतराव. तोंडाने घेत नाही, पण लिहायला कुणी बंदी केलेली नाही. म्हणाले, "गौरा, एका दिव्याला महिना दीड रुपया पडायलाय. एक दुकानात, एक बैठकीत, दोनच जड चाललेत. भाव उतरू दे, तिसरा दिवा तुझ्या चुलीपाशी. शब्द देतो."

शब्द दिला. तारीख छापलेलीच आहे, मी फक्त खाली लिहून ठेवते.

१० जानेवारी

भाव उतरू दे म्हणाले. भाव काय पिकलेला आंबा आहे, आपोआप उतरायला?

वीज सरकारची नाही, मारवाडी बन्सीधर शेठची. त्यांच्या जिनिंगमध्ये सरकी काढायचं इंजिन आहे, त्यालाच डायनामो जोडून त्यांनी गावात तारा ओढल्या. बेचाळीस घरं. दिवेलागणीपासून दहा वाजेपर्यंत. बल्ब शेठचा, तार शेठची, भाव शेठच्या मनाला येईल तो. मीटर-बिटर काही नाही. जितके बल्ब तितके दीड रुपये.

शेजारच्या कमलबाई म्हणतात, "वीज हाय ती. महागच असायची." कशावरून? त्यांनी दुसरीकडे कुठे घेतली आहे?

माझ्या मात्र दोन बहिणी दोन मुलखांत आहेत. थोरली मल्लम्मा अक्का सोलापुरात, इंग्रजी राज्यात. धाकटी चन्नबसम्मा हैदराबादेत, खुद्द निजाम सरकारच्या पायाशी. दोघींकडे वीज आहे, हे दोघींनी आजवर पत्रागणिक ऐकवलं आहे. आज दोन्हीकडे पत्रं टाकली. एकच विचारलं: तुमच्याकडे एका दिव्याला महिन्याला काय पडतं?

१९ जानेवारी

चन्नीचं पत्र आलं. एका दिव्याला चौदा आणे. त्यांच्याकडे पाच दिवे आहेत. दिवाणखान्यात दोन, दारावर एक, दिरांच्या अभ्यासाला एक, आणि जिन्यात एक. जिन्यात! माणूस जिन्यात काय वाचतो?

पत्र अर्धवटच आहे. शेवटी लिहिलंय, "दिवेलागण झाली, आता अक्षर दिसत नाही, पुरे करते." लहानपणापासून कामचुकार. पाच दिव्यांच्या घरात बसून अक्षर दिसत नाही म्हणते.

२४ जानेवारी

अक्काचंही आलं. सोलापुरात मीटर बसवलंय, पण हिशेब घातला तर दिव्याला साधारण एक रुपया पडतो. तीन दिवे आहेत. अक्काचं अक्षर मोत्यासारखं, पण कागदाच्या कडेला काळा अंगठा उमटलाय आणि पत्राला राकेलचा वास. आगगाडीत टपालाची थैली राकेलच्या डब्याशेजारी ठेवली असणार. रेल्वेवाल्यांना कशाचंच सोयरसुतक नाही.

कमलबाईंचा भाऊ पुण्याला छापखान्यात आहे. त्याच्याकडूनही आलं. दिव्याला बारा आणे.

आज मी पाटीवर नाही, कागदावर शाईने यादी केली.

पुणे: बारा आणे.
हैदराबाद: चौदा आणे.
सोलापूर: एक रुपया.
सेलू: दीड रुपया.

ही यादी मी चार वेळा वाचली. इतका आनंद मला पाटल्या केल्या तेव्हा झाला नव्हता.

२८ जानेवारी

यादी यांना दाखवली. यांनी ती बराच वेळ पाहिली, मिशीत हसले, आणि कागद परत दिला. मला वाटलं, पुष्कळ काही म्हणतील. एवढंच म्हणाले, "हे घेऊन कुठं जाणार?"

"शेठकडं."

"शेठला दुखवू नको. आपला कापूस त्यांच्याच काट्यावर जातो. अन् बाया गोळा करशील तर तहसीलची परवानगी लागंल. ठाण्याचे अमीनसाहेब इचारतील, हा जलसा, ही सभा कशाची म्हणून."

मी म्हणाले, "हळदीकुंकवाला परवानगी लागती का?"

यावर ते पुन्हा हसले. कौतुक वाटलं असावं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बाया घरोघर जातातच, कोण अडवतं?

२ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटतंय. पण रोजनिशीत फक्त फुशारक्या लिहायच्या तर ती पुड्यांनाच गेलेली बरी.

काल आम्ही सात बाया जिनिंगच्या कचेरीत गेलो. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, गाडीवान बघत उभे. शेठ गादीवर होते. त्यांनी उठून "या बाई" म्हटलं, यादी नीट वाचली, मग मुनिमाकडे दिली. मुनीम वाचतो काय आणि खो खो हसतो काय.

शेठ म्हणाले, "गौराबाई, सोलापूरचा रुपया कोन्ता?"

मी म्हणाले, "रुपया म्हंजे रुपया."

"तिथं कलदार चालतो, बाई. इंग्रजाचा. आपला हाली हाय, निजाम सरकारचा. शंभर कलदार घ्यायला गेलात तर वर साडेसोळा हाली मोजावे लागतात. तुमी कलदार अन् हाली एकाच रांगेत बसवलेत. मला मुंबईहून तेल आणायला कलदारच लागतो, तो बट्टा कोण भरणार?"

गाडीवानांपर्यंत हसू गेलं. "हाली-कलदार एका पंगतीला" असं कुणीतरी ओरडलं. सहाही बाया माझ्याकडे बघत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण जिनिंगच्या फरशीत ती सोय नव्हती. परत आलो.

३ फेब्रुवारी

घरी येऊन यांना विचारलं, "तुमाला म्हाईत होतं?"

"मला वाटलं, तुला म्हाईत असंल."

मला कसं माहीत असणार? माझ्या हातात कलदार कधी आला? चुलीपाशी येतं ते पीठ, आणि दोन्ही सरकारांचं पीठ सारखंच दळलं जातं. ज्याच्या हातातून रोज कलदार जातो त्याने यादी पाहिली आणि मिशीत हसला. त्या हसण्याचा अर्थ मी भलताच लावला होता.

संतापाच्या भरात बसून पुन्हा हिशेब घातला. सोलापूरचा एक कलदार म्हणजे आपले अठरा आणे आठ पै. पुण्याचे बारा आणे म्हणजे आपले चौदा. हैदराबादचे चौदा तर हालीच. आणि आपण? चोवीस आणे! बट्टा धरला तरी सोलापूरपेक्षा सव्वापाच आणे जास्त, आणि आपल्याच राजधानीपेक्षा दहा आणे जास्त. हैदराबाद तर याच सरकारात आहे, तिथे कुठला कलदार आडवा आला?

मी चुकले, पण खोटी ठरले नाही. शेठ बरोबर बोलले, पण भाव खोटाच आहे. कमलबाईंना यादी पुन्हा वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "आता पुन्हा कचेरीत जायचं? मी न्हाई बाई. गाडीवान अजून हसायलेत."

मी म्हणाले, "कचेरीत न्हाई जायचं. अन् हात हालवत तर मुळीच न्हाई जायचं."

८ फेब्रुवारी

रथसप्तमी झाली. सूर्याचा दिवस, आणि आम्ही दिवे परत केले.

बल्ब शेठचा, जितके बल्ब तितके पैसे. मग बल्बच घरात नसला तर? चार दिवस हळदीकुंकवाला जाऊन मी घरोघर हेच विचारलं होतं. सकाळी पुरुष दुकाना-शेतांवर गेल्यावर एकेका बाईने स्टुलावर चढून बल्ब काढला. कमलबाईंनी तर फुटेल म्हणून तो पदरात गुंडाळूनच काढला. ताटात तांदूळ, तांदळावर बल्ब, बल्बला हळदकुंकू. लेक सासरी पाठवतात तशी. एकतीस घरच्या बाया एकतीस ताटं घेऊन शेठच्या वाड्यावर. वाटेत अमीनसाहेबांच्या शिपायाने विचारलं, "काय चाल्लंय?" मी म्हणाले, "हळदीकुंकू." त्याने बाजूला होऊन वाट दिली.

ओसरीवर ताटं मांडली. शेठ बघतच राहिले. कुंकवाचं ताट परत लावता येत नाही, हे त्यांच्याकडेही तसंच आहे. मी नवी यादी वर ठेवली आणि म्हणाले, "शेठ, आता सारं हालीत हाय. मुनिमाला तपासू द्या."

मुनिमाने तपासली. हसला नाही.

शेठाणी आतून हात पुसत आली. रिकामं ताट परत देऊ नये म्हणून तिने प्रत्येक ताटात साखर घातली. एवढी सोन्यानाण्याची बाई, पण कपाळावर काजळीचा हा मोठा पट्टा. वाड्यात आरसा नाही की काय कोण जाणे.

९ फेब्रुवारी

घरोघर स्फोट. कमलबाईंचे यजमान किशनराव दिवसभर बोलले नाहीत. आमच्याकडे हे बोलले, पुष्कळ बोलले.

"बैठकीत अंधार हाय! चार लोकं येतात, काय म्हणतील?"

"तुमीच म्हणालात ना, भाव उतरू दे. उतरवायलेय."

१ मार्च

काल शिवरात्र झाली. देवळात शेठचे दिवे होते, घरात समया.

तीन आठवडे झाले. दोन घरांनी बल्ब परत नेले, बाकी एकोणतीस टिकून आहेत. शेठने कापूस तोलायला यांना दोन वेळा ताटकळत ठेवलं. हे तणतणत येतात. मला वाईट वाटतं, नाही असं नाही. काल तर वाटलं, जाऊन बल्ब आणावा आणि मोकळं व्हावं. शंभर जणांच्या तोंडी लागून एका बाईने असा काय दिवा लावायचा?

पण एक गंमत ध्यानात आली. बैठका अंधारल्या तशी पुरुषमाणसं कासावीस झाली. पत्ते बंद, पेपर बंद, पाहुणे लवकर उठतात. आणि आम्हा बायांचं? काहीच नाही. आमची चिमणी होती तिथेच आहे. आमच्याकडून शेठला काढून घेता येईल असं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही हरू शकत नाही. कमलबाईंना हे सांगितलं तर त्या पीठ चाळता चाळता इतक्या हसल्या की ठसका लागला.

१६ मार्च

उतरला! भाव उतरला!

कापूस संपत आलाय. जिनिंग बंद झालं की इंजिन नुसतं दिव्यांसाठी चालणार, आणि दिवे तर तांदळात. शेठने मुनिमाकरवी निरोप धाडला: दिव्याला एक रुपया, हाली. सोलापूरच्या खाली आलो आम्ही!

दोन दिव्यांना तीन रुपये जात होते. आता तीन रुपयांत तीन दिवे. यांच्या खिशातून एक पै जास्त जायची नाही. मी ६ जानेवारीचं पान उघडून यांच्यापुढे धरलं. यांनी वाचलं, म्हणाले, "हाय की ध्यानात. पाडव्याला लावून घेऊ."

शेठचं काही वाईट वाटत नाही आता. रस्त्यात भेटले तर म्हणाले, "गौराबाई, माझ्याकडं मुनीम व्हा." मी म्हणाले, "कलदार पगार द्याल का?"

३० मार्च

स्वयंपाकघर खाली वर केलं. तुळईवरची काजळी खराट्याने काढली, भिंती पोतारल्या, उतरंड हलवली. दिवा नेमका कुठे हवा तेही ठरवलं. चुलीच्या डाव्या अंगाला, म्हणजे माझीच सावली भांड्यात पडणार नाही.

१ एप्रिल

पाडवा. तारवाला मुंजाजी आला. तिसरा दिवा दुकानाच्या पाटीवर लागला.

३ एप्रिल

परवा लिहवलं नाही.

मी म्हणाले होते, "ही पाटी कुठली? चूल आत हाय."

हे म्हणाले, "गिऱ्हाइकाला लांबून दुकान दिसलं पायजे. अन् तुझंच हाय की सगळं, दुकान काय माझ्या एकट्याचं? आत तार न्यायची तर मुंजाजी आत येणार. आपल्या चुलीपाशी बाहेरचा माणूस येतो का कधी? परक्याची नजर अन्नावर पडू देत न्हाईत आपल्यात. रीत हाय, गौरा. भावाचा प्रश्न न्हाई."

भावाचा प्रश्न नाही. तीन महिने मी कशाच्या मागे पळत होते मग? सोलापूर, पुणे, हैदराबाद, हाली, कलदार, सगळं केलं. आणि हे आज सांगतात, भावाचा प्रश्नच नव्हता.

दिवसभर रडू आलं नाही, राग आला. ज्या रिवाजाने मुंजाजी आत येत नाही त्याच रिवाजाने पंगतही माजघरातच बसायची. ती दिव्यापायी एका रात्रीत बैठकीत गेली तेव्हा रीत कुठे गेली होती?

दुपारी बहिणींची पत्रं पुन्हा काढली. चन्नीचं, "दिवेलागण झाली, आता अक्षर दिसत नाही." अक्काचं, राकेलचा वास आणि काळा अंगठा. टपालाच्या थैलीला मी उगीच दोष दिला.

मी त्यांना चुकीचा प्रश्न विचारला होता. आज दोघींना नवी कार्डं टाकली. कमलबाईंच्या पुण्याच्या वहिनीलाही. प्रश्न एकच: चुलीपाशी दिवा आहे का?

१७ एप्रिल

तिन्ही उत्तरं आली. अक्काने तर एकच शब्द लिहिलाय. चन्नीने बरंच लिहिलंय, जिन्यातल्या दिव्याखाली बसून लिहिलं म्हणे, सासूबाई निजल्या होत्या तेवढ्यात.  कामचुकार म्हटलं होतं मी तिला.

जुन्या यादीला एक नवी रांग जोडली.

चुलीपाशी दिवा.
पुणे: नाही.
हैदराबाद: नाही.
सोलापूर: नाही.
सेलू, गौराबाई: नाही.
सेलू, डायनामोचे मालक बन्सीधर शेठ: नाही.

हे शेवटचं मी काल शेठाणीलाच विचारून आले. कपाळावरचा पट्टा कालही होता.

या रांगेत हाली-कलदार काही नाही. इंग्रजांचं राज्य असो की निजामाचं, बट्टा लावावा लागत नाही.

४ मे

अक्षय तृतीयेचं, म्हणजे आमच्या बसवजयंतीचं आटोपलं. सगळं नीट लिहून ठेवते.

संध्याकाळी आमचे जंगम गुरू रामलिंग अय्या पाद्यपूजेला आले. यांनी शेठनाही बोलावलं होतं, मागचं विसरावं म्हणून. बैठक भरलेली. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, मी दिवसाउजेडीच करून ठेवली होती, पोळ्या राहिल्या होत्या. दिवे लागले. मी आतली शेगडी उचलली, तवा, परात, कणीक, सगळं आणून बैठकीत मांडलं. बरोबर दिव्याखाली. पदर खोचला आणि पोळी लाटायला घेतली.

 हे पुटपुटले, "गौरा, ही काय तऱ्हा? आत जा."

"आत दिसत न्हाई."

"शेठ बसल्यात! परक्याची नजर पडायलीय अन्नावर!"

"पडू द्या. उजेड शेठचाच हाय. त्यांच्याच उजेडात त्यांची नजर पडायलीय."

शेठ चपला शोधायला उठले. अय्यांनी त्यांना हाताने खाली बसवलं आणि मला विचारलं, "बाई, आत दिवा का न्हाई?"

"तारवाला आत आला की बाटतं म्हणतात, स्वामी. सकाळी पूजेला हे स्वतःच सांगत होते, अंगावर इष्टलिंग असल्यावर विटाळ लागत न्हाई. सकाळचं संध्याकाळपर्यंत टिकलं न्हाई वाटतं."

 यांचा चेहरा मी पाहिला नाही. पाहिला असता तर कदाचित शेगडी उचलून आत गेले असते. पोळी तव्यावर टाकली. ती फुगली. इतक्या वर्षांत माझी पोळी फुगताना मी पहिल्यांदा इतकी स्वच्छ पाहिली.

अय्या पोट धरून हसले. म्हणाले, "बसवंता, उत्तर असंल तर दे. नसंल तर हिला पोळी वाढू दे, गरम हाय तवर."

 शेठच खाली बघत म्हणाले, "उद्या मुंजाजीला पाठवतो."

  मला भीती वाटतेय, आणि पुन्हा करावं लागलं तर मी पुन्हा करीन.

७ मे

कबूल केलं त्याच्यापेक्षा दोन दिवस उशिरा मुंजाजी आला. दारात पाय धुतले, खाली मान घालून आत आला, चुलीच्या डाव्या अंगाला दिवा लावला. यांनी उंबऱ्यात उभं राहून पाहिलं. 

मी म्हणाले, "मुंजाजी, दोन दिवस कुठं होतास?"

तो म्हणाला, "काय सांगू बाई, निघालो होतो तुमच्याकडंच. शेठाणीबाईनं दारातच धरलं. म्हणल्या, आधी माझ्या चुलीपाशी, मग गावाच्या. दोन दिवस त्यांचंच काम."

यादीत दोन ठिकाणी 'नाही' खोडलं. अक्काला आणि चन्नीला कार्डं टाकली: भाव विचारत बसू नका. शेगडी उचला.

२४ मे

अक्काचं कार्ड. "नेली. सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाल्या, भाकरी गरम मिळते. मालक मीटरवाल्याकडे जाऊन आलेत." कार्डाला राकेलचा वास अजून आहे. चन्नीचं काही आलेलं नाही. वाट बघते.

परवापासून हे पेपर घेऊन चुलीपाशी येऊन बसतात. म्हणतात, इथला उजेड चांगला हाय. बल्ब तोच, पंचविसाचा. मी पाट सरकवून देते.

दिव्यामुळे पाखरं मात्र दुप्पट झाली आहेत. हे लिहीत असताना एक मोठं, तपकिरी, दिव्याला दोन घिरट्या घालून सरळ आमटीवर उतरत होतं. मला दिसलं. मी झाकण ठेवलं.